‘संशयकल्लोळ’ आजच्या वेशात: पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

हौशी मंडळाने ‘संगीत संशयकल्लोळ’ नव्या रूपात करायचे ठरवले की पहिली धास्ती हक्कांची असते. मूळ संहितेला पैसे लागत नाहीत. गोविंद बल्लाळ देवल 1916 मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. मात्र अलीकडच्या कुणाची रंगावृत्ती किंवा नवी चाल घ्यायची असेल, तर लेखी परवानगी आणि मानधन आलेच. त्यापेक्षा जुनी छापील प्रत घेऊन काटछाट आपणच करावी. बदललेली संहिता तालमी रंगात येण्याआधीच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी.

खरा खर्च साथीचा, आणि तिथे हात आखडू नये. ऑर्गनचे भाडे विचारताना टेम्पो आणि उचलणारी माणसे धरूनच विचारा. वादकांचे मानधन एका प्रयोगापुरते ठरवू नका, चार-पाच तालमींचेही ठरवा. रेकॉर्ड केलेली साथ स्वस्त पडते हे खरे, पण फाल्गुनरावाच्या संशयाला हशा लांबला तर ती थांबत नाही आणि ‘वन्स मोअर’ आला तर मागे फिरत नाही. मग संगीत नाटक करायचेच कशाला?

बचत कपड्यांत होते. पगड्या आणि नऊवारी भाड्याने आणायला नकोत. अश्विनशेठ स्वतःच्या जॅकेटमध्ये शोभेल. तसबिरीच्या जागी मोबाइल आणायचा मोह मात्र टाळा. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते, त्यावर सगळा घोटाळा उभा आहे. कुलूपबंद फोन सापडून काय होणार? छापलेला फोटो काही रुपयांत मिळतो.

नाट्यगृहाचे भाडे सत्रावर असते. रंगीत तालीम तिथेच करायची तर ते वेगळे सत्र. अनामत, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा यांचे आकडे लेखी घ्या.

तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. समजा, एकूण खर्च 75,000 आणि तिकीट 250. मग 300 तिकिटे विकली जायला हवीत. कलाकारांच्या नातलगांना दिलेले पास यात मोजू नका.

दुसऱ्या प्रयोगाला नेपथ्य आणि तालमी पुन्हा लागत नाहीत; नाट्यगृह, साथ आणि टेम्पो एवढेच लागतात. म्हणून पहिली तारीख घेतानाच दुसरीही विचारून ठेवा.