धन टोक कोणते?

म्हैसूर येथे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली राहत्या घरी ‘आकाशवाणी’ हे नभोवाणी केंद्र उभारले. घरी रेडिओ दुरुस्त करण्याची हौस आजही अनेकांना असते. पण सुटा भाग उलटा जोडला की श्रम वाया जातात. नव्या एलईडीचा लांब पाय धन असतो. पाय कापलेले असल्यास कडा चाचपावी. जिकडे ती सपाट, तिकडचा पाय ऋण. डायोडवरील पट्टा ऋण टोक दर्शवितो. डबीसारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरील पट्टाही ऋणच. तो उलटा जोडल्यास तापून फुटू शकतो. मात्र टँटलम कपॅसिटरवर हाच पट्टा धन टोकाकडे असतो! सरावलेले हातही येथे फसतात. म्हणून जुना भाग काढण्यापूर्वी त्याची दिशा कागदावर रेखाटून ठेवावी.