घर बांधताना ‘कमाल मर्यादे’चा ठेका : नेमका किती पडतो?

‘मटेरियलसकट चौरस फुटाला अमुक’ हा आपल्याकडचा रुळलेला ठेका. त्यात ठेकेदाराने माल कितीला घेतला, हे मालकाला कळत नाही. कमाल मर्यादेच्या ठेक्यात मालाची आणि मजुरीची बिलं उघड असतात, त्यावर ठरलेली फी, आणि एका आकड्यापुढचा खर्च ठेकेदाराच्या खिशातून.

समजा, बंगल्याची मर्यादा ३७ लाख आणि फी दहा टक्के. बिलं ३२ लाखांची झाली तर फीसह ३५ लाख २० हजार होतात. उरलेले १ लाख ८० हजार कोणाचे? निम्मे-निम्मे वाटायचे असतील तर आधीच लिहा. करारात नसेल तर भांडण नक्की. आणि एकूण ३९ लाख झाले, तरी तुम्ही ३७ च देणार.

आता जीएसटी. मालासकट ठेक्यावर तो १८ टक्के, म्हणजे ३७ लाखांवर ६ लाख ६६ हजार. मर्यादा करासकट की कर वेगळा, हे पहिल्या भेटीतच विचारा. नोंदणीकृत ठेकेदाराला सिमेंट-स्टीलवर भरलेल्या कराची वजावट मिळते. म्हणून ती बिलं कर वगळून धरायला लावा, नाहीतर तोच कर तुम्ही दोनदा भराल. स्वतंत्र घरासाठी नुसता मजुरीचा ठेका दिला तर मजुरीवर जीएसटी नाही, पण मग खर्चाला मर्यादाही नाही. माल तुमचा, डोकेदुखीही तुमची.

मर्यादा बहुतेक वेळा फुटते ती पायात. काळ्या मातीच्या प्लॉटवर नकाशात पाया पाच फूट दाखवलेला असतो आणि मुरूम लागतो नऊ फुटांवर. वाढीव खोदाई, काँक्रीट, स्टील सगळं ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं, आणि करारात नसल्याने ठेकेदाराचं म्हणणं चूक ठरत नाही. आकडा ठरवण्याआधी एक खड्डा खणून बघा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची ड्रॉइंग्ज पूर्ण करून घ्या. प्लॅस्टर बाहेरून सँडफेस की साधं, टाइल्स कितीच्या, हेही लिहा. अर्धवट नकाशावर मर्यादा मागितली की ठेकेदार आपली भीती आकड्यात मिळवतो, आणि ते बरोबरच आहे.

तुम्ही मध्येच खिडकी वाढवली, तर मर्यादाही वाढते. प्रत्येक बदलाचा दर काम सुरू होण्यापूर्वी कागदावर, दोघांच्या सहीने घ्या. शेवटच्या बिलातले पाच टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. गच्चीची गळती त्याआधी कळत नाही.