पथ्य सांगणाऱ्या वाक्यांचे व्याकरण

निदान बरोबर व औषधयोजना शास्त्रशुद्ध असूनही गुण येत नाही, तेव्हा आपण द्रव्य, मात्रा, काल आणि अनुपान यांचा फेरविचार करतो. या चार गोष्टींबरोबर आणखी एका गोष्टीची तपासणी व्हावी, असे आम्हांस वाटते. ती म्हणजे आपण रुग्णाला सांगितलेले वाक्य. औषध रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी वाक्य त्याच्या कानात जाते. वाक्य संदिग्ध असेल, तर मात्रा व काल दोन्ही बदलतात.

भाषेचा अभ्यास हे वैद्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्यांचेच बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले. एकाच घरात या दोन्ही विद्या नांदल्या, हे येथे ध्यानी घ्यावे. प्रस्तुत लेखात दवाखान्यात व औषधालयात रोज उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांच्या आधारे व्याकरणाचे पाच मुद्दे मांडले आहेत.

१) रुग्णाची तक्रार

‘मला मळमळते.’ या वाक्यात कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही. ‘मळमळते’ हे भावकर्तृक क्रियापद होय. ‘उजाडले’, ‘सांजावले’ ही त्याच जातीची. रुग्ण येथे काही करीत नाही, त्याला काही होत आहे, एवढेच वाक्य सांगते. म्हणून काय खाल्ले, केव्हा खाल्ले, हे आपल्याला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

आमच्या इंझोरी परिसरात वऱ्हाडी बोलली जाते. ‘पोट दुखून राह्यलं’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा वेदना या क्षणी चालू असते. प्रमाण मराठीत मात्र ‘पोट दुखायचे राहिले’ म्हणजे वेदना थांबली. धातू तोच, अर्थ नेमका उलट. बाहेरच्या जिल्ह्यातून येथे व्यवसायास येणाऱ्या तरुण वैद्यांनी हा भेद प्रथम शिकून घ्यावा.

दुसरा शब्द ‘परवा’. मराठीत तो भूतकाळ व भविष्यकाळ दोहोंना चालतो आणि निर्णय क्रियापद करते. ‘रक्तदाबाची गोळी परवापासून बंद’ या क्रियापदहीन वाक्यावरून गोळी बंद झालेली आहे की बंद होणार आहे, हे कळत नाही. अशा वेळी वार विचारून केसपेपरवर तारीख लिहावी.

२) आज्ञार्थ व विध्यर्थ

‘काढा घ्या’ हा आज्ञार्थ, ‘काढा घ्यावा’ हा विध्यर्थ. संहिताग्रंथांत ‘पिबेत्’ यांसारखी विधिलिङ्‌ची रूपे आपण पदोपदी वाचली आहेत. पाणिनीने विधी, निमंत्रण, प्रार्थना इत्यादी अर्थ लिङ्‌ला दिले व तेच अर्थ लोट्‌लाही दिले. मराठी विध्यर्थाची ठेवण मात्र ‘-तव्य’ प्रत्ययान्त रूपावरून आली आहे. ‘रोगिणा क्वाथः पातव्यः’ आणि ‘रोग्याने काढा प्यावा’ ही वाक्ये शेजारी ठेवली, म्हणजे मराठीत कर्त्याला तृतीयेचा ‘ने’ का लागतो, याचा उलगडा होतो.

याचा व्यवहारातील उपयोग असा. आज्ञार्थात क्रियापद ऐकणाऱ्याप्रमाणे बदलते (घे, घ्या). विध्यर्थात ते औषधाप्रमाणे बदलते (काढा घ्यावा, गोळी घ्यावी, चूर्ण घ्यावे, गोळ्या घ्याव्यात). म्हणून औषधाचे लिंगवचन दाखविण्यास विध्यर्थ सोयीचा. पण औषध कोणी घ्यावयाचे, हे त्यात कर्ता गाळल्यास उरत नाही. एकाच घरी सासू व सून या दोघींची औषधे जात असतील, तर प्रत्येक पुडीवर नाव हवेच.

विध्यर्थाला कर्तव्याप्रमाणेच इच्छा, शक्यता व योग्यता याही छटा आहेत. ‘दूध घ्यावे’ हे वाक्य ‘घेतले तर बरे’ असे ऐकले जाऊ शकते. जेथे सूट नाही, तेथे ‘घेतलेच पाहिजे’ असे म्हणावे. जेथे सूट आहे, तेथे ‘चालेल’ म्हणावे.

वऱ्हाडीत याहून एक सोय अधिक आहे. ‘आता घे’ आणि ‘मंग घेजो’ यांत तात्काळ करावयाची व पुढे करावयाची आज्ञा निरनिराळ्या रूपांनी दाखविता येते. पहिली मात्रा दवाखान्यातच द्यावयाची असेल, तर रुग्णाच्या बोलीतील हा भेद अवश्य वापरावा.

३) ‘तर’ आणि ‘तरी’

‘बरे वाटले तर गोळी बंद करावी.’
‘बरे वाटले तरी गोळी बंद करू नये.’

‘जर-तर’ व ‘जरी-तरी’ या दोन्ही संकेतबोधक अव्ययांच्या जोड्या. दोन वाक्यांत आरंभी केवळ एका वेलांटीचा फरक आहे आणि निषेध थेट शेवटी येतो. गर्दीच्या वेळी रुग्णाच्या स्मरणात ‘बरे वाटले’ आणि ‘बंद’ एवढेच शब्द राहिले, तर मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण आपल्याच सल्ल्याने औषध सोडल्याचे प्रामाणिकपणे सांगेल. असा सल्ला मिश्र वाक्यात देऊच नये. त्याचे दोन तुकडे करावेत : ‘बरे वाटू लागेल. गोळी चालूच ठेवावी.’

४) संख्या, काल व अनुपान

‘दोन गोळ्या तीन वेळा’ म्हणजे दिवसाला सहा, हे आपण गृहीत धरतो. रुग्ण दिवसाच्या दोन गोळ्या तीन वेळांत विभागू शकतो. मराठीत यावर द्विरुक्तीचा उपाय आहे : ‘दोन-दोन गोळ्या, सकाळी, दुपारी व रात्री.’ तसेच ‘तीन दिवसांनी’ म्हणजे एकदाच, ‘दर तीन दिवसांनी’ म्हणजे वारंवार. ‘दर’ गाळू नये. ‘चमचाभर’ म्हणताना घरातील चमचा कोणता, हे ठाऊक नसते. ‘५ मिली’ची खूण असलेले माप द्यावे.

औषधसेवनाचे काल वाग्भटांनी अष्टांगहृदयात दहा व शार्ङ्गधरांनी पाच सांगितले. ते रुग्णापर्यंत पोहोचतात ते लहानशा अव्ययांवर स्वार होऊन. सामुद्ग काल म्हणजे ‘जेवणाआधी व जेवणानंतर’. तेथे ‘व’ऐवजी ‘किंवा’ पडले, तर अर्धी मात्रा गेली. ग्रास म्हणजे ‘घासाबरोबर’, ग्रासान्तर म्हणजे ‘दोन घासांच्या मध्ये’.

अनुपानाचेही तसेच. ‘पाण्यातून’ म्हणजे कालवून, ‘पाण्याबरोबर’ म्हणजे गिळताना, ‘वरून पाणी’ म्हणजे औषध घेतल्यानंतर. चाटण ‘मधातून’ सांगावे आणि मध गरम करावयाचा नाही, हे वेगळ्या वाक्यात सांगावे.

५) निषेध

‘दूध व मासे खाऊ नयेत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. दोन्ही पदार्थ सर्वस्वी वर्ज्य, हा एक. दोन्ही एकत्र वर्ज्य, हा दुसरा. चरकांना विरुद्धाहार म्हणून दुसराच अर्थ अभिप्रेत आहे. तो ‘दुधाबरोबर मासे खाऊ नयेत’ अशा रचनेनेच स्पष्ट होतो. अन्यथा एखादी बाळंतीण दूध वर्ज्य करून बसावयाची.

दुहेरी निषेधही टाळावा. ‘जेवल्याशिवाय घेऊ नये’ यापेक्षा ‘जेवून घ्यावी’ हे सरळ. नुसते ‘दही नको’ हेही अपुरे. आजच नको की महिनाभर नको, ही मुदत सांगितली पाहिजे.

औषधालय-चालकांसाठी

अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापण्याचे बंधन औषध नियमांत आहे. ती मराठीत सांगण्याचे काम अर्थात आपल्याकडे येते. मानोरा तालुक्यात घरी गोरबोली बोलणारी बंजारा कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यातील वृद्धांना मराठी ही दुसरी भाषा होय. त्यांच्यासाठी वाक्य लहान असावे, एका वाक्यात एकच क्रियापद असावे आणि शेवटी ‘कसे घ्याल, ते सांगा’ असे विचारून वाक्य त्यांच्याच तोंडून परत ऐकावे.

स्वाध्याय

पुढील वाक्ये आपल्या सहाय्यकाकडून दुरुस्त करून घ्यावीत.
(अ) चूर्ण दोन चमचे तीन वेळा पाण्यात.
(आ) गोळ्या संपल्या तर या.
(इ) लोणचे खाल्ले तर चालणार नाही असे नाही.

उत्तरे : (अ) प्रत्येक वेळी चूर्ण दोन चमचे, कोमट पाण्यात कालवून, सकाळी, दुपारी व रात्री घ्यावे. (येथे चमचाही मापाचा द्यावा.) (आ) गोळ्या संपण्याच्या दोन दिवस आधी यावे. (इ) लोणचे थोडे चालेल. किंवा, लोणचे महिनाभर खाऊ नये. यांपैकी वैद्याच्या मनात कोणते आहे, हे मूळ वाक्यावरून ठरत नाही, हाच त्याचा दोष.

प्रत्येकाने एका दिवसात आपण सांगितलेली दहा वाक्ये वहीत जशीच्या तशी उतरवून या पाच मुद्द्यांवर पारखावीत. त्याला खर्च नाही आणि वेळही फारसा लागत नाही. सहाय्यक व औषधालयातील कर्मचारी यांच्यासमवेत हा अभ्यास झाल्यास वैद्याचे वाक्य अर्थ न बदलता पुडीपर्यंत व पुडीवरून घरापर्यंत पोहोचेल, असा आमचा विश्वास आहे.