कारखान्याचे दार

मुलांनो, आपल्या पनवेलजवळ तळोजा औद्योगिक वसाहत आहे. शिक्षण संपल्यावर तुमच्यापैकी काहीजण तेथे कामाला जातील. एकदा मी नववीच्या वर्गात नोकरीचा अर्ज कसा लिहावा, हे शिकवत होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, आमचे नाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवला तर?" वर्ग एकदम शांत झाला. खोटा धीर देणे मला बरे वाटले नाही. मी मुलांना एका कारखान्याची गोष्ट सांगितली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली झाला. तरुणपणी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केले.

नंतर औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले. तेथे निवडुंग माजले होते, सापही फार होते. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

त्या काळी गावोगाव अस्पृश्यता पाळली जात असे. लक्ष्मणरावांनी ठरवले, की आपल्या वाडीत शिवाशिव चालणार नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना कोणी दारात उभे करत नसे. अशा माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. दया करणारा चार पैसे देतो आणि दार लावून घेतो. लक्ष्मणरावांनी दाराची राखणच त्यांच्यावर सोपवली. याला विश्वास म्हणतात.

१९२० साली कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. पुढे ते 'किर्लोस्कर' या नावाने घरोघरी वाचले जाऊ लागले. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. अशा रीतीने नांगर करणारा कारखाना समाजसुधारणेविषयी उघडपणे बोलू लागला.

मालक मनाने चांगला असला, तर बोलून दाखवायची काय गरज? गरज आहे. मालकाच्या मनातले मुकादमाला कसे कळणार? नियम उघड सांगितलेला असला, म्हणजे अन्याय झाल्यास त्याकडे बोट दाखवता येते. आपल्या संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खासगी कारखान्यात मात्र पुष्कळसे मालकाच्या भूमिकेवर अवलंबून असते. म्हणून त्याने बोलले पाहिजे आणि बोलल्याप्रमाणे वागलेही पाहिजे. भिंतीवर समतेचा फलक लावायचा आणि कामावर ठरावीक नावांचीच माणसे घ्यायची, ही फसवणूक होय.

गोष्ट संपल्यावर मी त्या मुलाला म्हणालो, "बेटा, अर्ज पूर्ण नावानिशी, स्वच्छ अक्षरात लिही. आणि उद्या तू स्वतः दुकान काढलेस, तर दारात आलेल्या माणसाला आधी काम विचार, नाव नंतर."

शब्दार्थ
समता – बराबरी
डावलणे – हक्क असूनही बाजूला सारणे
बढती – तरक्की
पहारा – राखण, चौकीदारी

स्वाध्याय
१. लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी का सोडली?
२. दया आणि विश्वास यांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. तुम्ही दुकान काढले, तर कोणते नियम दारावर लिहाल? पाच वाक्ये लिहा.