मत्स्यखाद्यातील वनस्पतिजन्य पूरके

मीरा-भाईंदरकरांना उत्तनच्या कोळी बांधवांनी आणलेली समुद्राची मासळी परिचित आहे. बाजारातील रोहू, कटला मात्र बहुधा गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढविलेले असतात. तळ्यात दाटी झाली व पाणी बिघडले, की एरोमोनास जिवाणू बळावतात. माशांच्या अंगावर व्रण पडतात. अशा वेळी प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर केल्यास औषधाला न जुमानणारे जिवाणू निपजतात आणि तो धोका माणसापर्यंत पोहोचतो.

यावर आपल्या स्वयंपाकघरातील लसूण व हळद साहाय्यक ठरू शकतात. लसणातील ॲलिसिन जिवाणूंना रोखते. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा यांच्या खाद्यात ही पूरके अल्प प्रमाणात मिसळल्यास माशांची उपजत रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. मत्स्यपोषण व मत्स्यआरोग्य या विषयांचे अध्ययन आपल्या जवळच, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत चालते. तिची स्थापना १९६१ सालची.

तथापि, वनस्पतिजन्य ते सारे निर्धोक, असे मानू नये. पाल्यातील टॅनिन अधिक झाल्यास माशांचे पचन मंदावते. म्हणून शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी प्रथम पाणी तपासावे, दाटी कमी करावी आणि मगच तज्ज्ञांच्या सल्ल्याने पूरकाचे प्रमाण ठरवावे.