किल्ली हरवली, कुलूप नव्हे

समजा, बल्लारपुरातील एका घरातून जुने भाडेकरू गेले आणि तुम्ही तेथे राहायला आलात. त्यांनी दोन किल्ल्या परत दिल्या. पण तिसरी कोणी करून घेतली असेल, तर ते कसे कळावे? अशा वेळी बहुतेक लोक दारातले कुलूपच बदलतात. वास्तविक कुलूप बिघडलेले नसते. त्याचे गुपित तेवढे फुटलेले असते. मग फक्त गुपितच बदलले तर?

त्यासाठी कुलपाच्या पोटात डोकावू. दारावरच्या लॅचमध्ये पितळेचे एक लहान नळकांडे असते. किल्ली त्यात शिरते आणि तेच फिरते. त्याभोवतीचे जाड कवच मात्र स्थिर असते. दोघांना जोडणारी बहुधा पाच उभी भोके असतात. प्रत्येक भोकात एकीवर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन अर्धी कवचात, अर्धी नळकांड्यात राहते आणि अडसरासारखी नळकांडे अडवून धरते. योग्य किल्लीच्या खाचा खालच्या पिनांना नेमक्या इतक्या उचलतात, की पाचही जोड्यांचे सांधे नळकांडे व कवच यांच्या सीमेवर येतात. आता आड येणारे काही उरत नाही. एक जरी सांधा अर्धा मिलिमीटर वरखाली राहिला, तरी नळकांडे हलत नाही! प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही हेच तत्त्व होते. चपट्या किल्लीचे आजचे रूप अमेरिकेच्या धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात दिले.

म्हणजे गुपित आहे ते खालच्या पाच पिनांच्या लांबीत. कारागीर मागची पट्टी सोडवतो, जुन्या किल्लीने नळकांडे किंचित फिरवून पुढे ओढतो आणि पाठोपाठ त्याच जाडीची गोल दांडी आत सरकवतो. दांडी नसेल, तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा उसळून बाहेर पडतील. मग बसा शोधत! नळकांड्यात नव्या लांबीच्या पिना टाकून तो नवी किल्ली घालतो. साऱ्या पिनांची डोकी पृष्ठभागाशी समपातळीत आली, की जुळले. जुनी किल्ली आता निरुपयोगी.

सहा प्रकारच्या लांबीच्या पिना असतील, तर पाच जागी त्या ६×६×६×६×६, म्हणजे ७,७७६ प्रकारे बसवता येतात. प्रत्यक्षात थोड्या कमी. कारण शेजारच्या दोन खाचांच्या खोलीत फार फरक असला, तर किल्ली सरकत नाही.

आपल्या भागात याचे मोल अधिक आहे. नव्या कुलपाचे माप वेगळे निघाले, तर सागवानी दार पुन्हा कोरावे लागते, आणि कोरलेले लाकूड भरून येत नाही. शिवाय पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झाला, की हव्या त्या मापाचे कुलूप कोठून आणणार? पिना मात्र साळीच्या दाण्याएवढ्या. कारागिराच्या डबीत शेकडो मावतात.

अर्थात प्रत्येक कुलपाला हा उपाय नाही. रिव्हेट ठोकून बंद केलेले स्वस्त कुलूप उघडण्याच्या फंदात पडू नये. नळकांडे झिजून सैल झाले असेल, तरी नवेच घ्यावे. चांगल्या लॅचमध्ये खोबरेल तेल सोडण्याची सवय मात्र मोडा. चंद्रपूरच्या हवेतली कोळशाची धूळ तेलाला चिकटते आणि पिना अडकतात. त्याऐवजी पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासा. ते शिसे म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून पिना मोकळ्या हलतात.