चारशे हॉर्सपॉवर, पण चाक काही फिरेना

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. नुकतीच नवी फोर्ड एफ-१५० घेतली; साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, ४०० हॉर्सपॉवर. शेजाऱ्यांकडे नव्वदच्या दशकातली जुनी पिकअप आहे, ताकद हिच्या निम्मीच. तरी ती सिग्नलवरून टायर किंचाळवत निघते आणि आमची मात्र पेडल तळापर्यंत दाबलं तरी सभ्यपणे चालू लागते. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला फसवलं." गाडीत काही खोट आहे का?

उत्तर : गाडीत खोट नाही. ताकदही कमी नाही. चिरंजीवांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा, हिशेब सोपा आहे.

तुमच्या इंजिनाचा टॉर्क ६७८ न्यूटन-मीटरच्या आसपास. दहा गिअरच्या पेटीतला पहिला गिअर त्याला ४.७ पट करतो, मागच्या ॲक्सलचा गिअर आणखी साडेतीन पट. चाकाची त्रिज्या ४० सेंटीमीटर धरली, तर टायर जिथे डांबराला टेकतो तिथे २,८०० किलोंच्या आसपास रेटा पोचायला हवा. आता दुसरी बाजू. गाडीचं वजन सुमारे २,२०० किलो आणि हौदा रिकामा, म्हणजे मागच्या चाकांवर निम्म्याहून कमी, ९०० किलो धरू. निघताना गाडी मागे दबते आणि हा भार ११०० पर्यंत जातो. कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या नव्वद टक्के मानली, तरी १००० किलोंच्या रेट्याला चाक सुटायला हवं. घर्षणात थोडी ताकद गेली आणि टर्बोला दम भरायला क्षणभर लागला, हे सगळं वजा केलं तरी रेटा दुपटीहून जास्त उरतो. मग तो जातो कुठे?

तो निघतच नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत तारेची केबल आहे; पाय दाबला की झडप उघडली, मध्ये कोणी नाही. तुमच्या गाडीत ती केबलच नाही. पेडल दाबणं म्हणजे सरकारी कचेरीत अर्ज टाकणं. किती मंजूर करायचा ते आतला कॉम्प्युटर ठरवतो. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क सोडला तर गिअरपेटी आणि ॲक्सल लवकर झिजतात, म्हणून कंपनीच तिथे हात आखडता घेते. उरलेला बंदोबस्त ट्रॅक्शन कंट्रोल करतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो, एबीएस ब्रेकसाठी बसवलेला तोच. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरतंय असं दिसलं, की झडप मिटते, ठिणगी उशिरा पडते आणि त्या चाकाला ब्रेकचा चिमटा बसतो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की डॅशबोर्डवर पाठीमागे नागमोडी रेघा असलेली पिवळी गाडी लुकलुकते. पुढच्या वेळी पेडल दाबताना तिकडे लक्ष ठेवा.

यात तुमचा तोटा होत नाही. टायर थोडासा, दहा-वीस टक्के, घसरत असतो तेव्हा त्याची पकड सर्वांत चांगली असते. गरागरा फिरू लागला की ती घटते. म्हणजे शेजारी धूर आणि आवाज काढत असतात तेव्हा त्यांची गाडी खरं तर वेळ घालवत असते. चिरंजीवांना हे पटणार नाही, पण स्टॉपवॉच लावायला सांगा.

हा सोवळेपणा एकट्या फोर्डच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००७ साली नियम केला आणि २०१२च्या मॉडेलपासून ४,५३६ किलोंपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. उंच एसयूव्ही आणि पिकअप घसरून उलटत होत्या, त्यावर तो इलाज. ट्रॅक्शन कंट्रोल हे त्याचंच भावंड, तेच सेन्सर वापरणारं. ही यंत्रणा बंद करायचं बटण द्यायला नियमाची मनाई नाही, पण इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ती आपोआप चालू झाली पाहिजे अशी अट आहे. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. काल रात्रीची हौस आज सकाळच्या पावसात गाडीत शिल्लक राहत नाही.

बटण दाबलं म्हणजे चाक फिरेलच, असंही नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून टायर जाळायची जुनी युक्ती बऱ्याच नव्या गाड्यांत अडते. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर दोन्ही पेडलं एकदम दाबली गेल्यास ब्रेकचं ऐकायचं, हे तत्त्व सर्रास आलं. ड्रॅग रेसवाले म्हणून फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी लाइन-लॉक नावाची कळ वापरतात. फोर्डने २०१५च्या मस्टँग जीटीत ती कारखान्यातूनच दिली, अर्थात ट्रॅकसाठी. त्यांचं टायर जाळणं शोभेचं नसतं. तापलेलं रबर चिकट होतं आणि शर्यतीत तेच हवं असतं.

आणखी एक गंमत. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल साधं असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करूनही काळा पट्टा बहुतेक एकच उमटतो, आणि तोही उजव्या चाकाचा. प्रॉपेलर शाफ्टचा पीळ मागच्या ॲक्सलला डावीकडे दाबतो आणि उजवीकडे उचलतो. ज्या चाकावर भार कमी ते आधी सुटतं आणि डिफरन्शियल ताकद त्यालाच देऊन मोकळं होतं. पावसाळ्यात नाशिककडे कांद्याच्या शेतात बोलेरो पिकअप फसते तेव्हा हेच होतं. एक चाक चिखल उडवत फिरतं, दुसरं ढिम्म. मग चार जण हौद्याच्या मागच्या कडेला लटकतात आणि मुरलेला ड्रायव्हर हँडब्रेक हलकेच ओढून ठेवतो, म्हणजे मोकळं फिरणारं चाक अडतं आणि थोडी ताकद दुसऱ्याकडे वळते. तुमच्या एफ-१५०चा कॉम्प्युटर त्या ब्रेकच्या चिमट्याने नेमकं हेच करतो.

खात्री करायचीच असेल तर सिग्नलवर नको. रस्त्यावर मुद्दाम चाकं फिरवली तर पोलिसांचं चलन येईल. ओळखीच्या कुणाच्या रँचवर खडीची मोकळी जागा बघा. गाडी उभी असताना ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबा, डॅशबोर्डवरची खूण न लुकलुकता स्थिर पेटली की ते बंद झालं. मग पेडल अर्धंच दाबा. खडी उडाली तर इंजिन, गिअरपेटी सगळं ठणठणीत आहे. नाहीच उडाली, तर गाडी फोर बाय फोर आहे का आणि तिचा खटका २एच ऐवजी ४ए वर आहे का ते आधी पाहा. तसं असेल तर ताकद पुढच्या चाकांनाही जाते आणि मागची सुटत नाहीत. खटका २एच वर असूनही गाडी ढिम्मच राहिली, तरच सर्व्हिस सेंटरची वेळ घ्या.